गृहमाध्यम केंद्र : संग्रहाचे क्रमवीक्षण व त्यातील दोष

घरातील संगणकावर किंवा त्यास जोडलेल्या साठवण-साधनांवर ठेवलेले चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, गाणी, छायाचित्रे इ. सामग्रीची सूची तयार करून ती दूरचित्रवाणी संचाच्या वा अन्य पडद्यावर निवडीसाठी मांडणाऱ्या सॉफ्टवेअर प्रणालीस गृहमाध्यम केंद्र अथवा मीडिया सेंटर असे म्हणतात. कोडी, प्लेक्स, एम्बी व जेलीफिन या अशा प्रमुख प्रणाली होत. नेमून दिलेले फोल्डर तपासून त्यांतील फाइली ओळखणे, त्यांची माहिती मिळविणे व ती सूचीत नोंदविणे या क्रियेस संग्रहाचे क्रमवीक्षण किंवा लायब्ररी स्कॅन म्हणतात. फाइल साधनावर असूनही ती सूचीत न दिसणे, भलत्याच नावाने दिसणे, एकच चित्रपट दोनदा दिसणे, क्रमवीक्षण मध्येच अडकून पडणे किंवा सबंध संग्रह एकाएकी नाहीसा झालेला दिसणे, हे या क्रियेतील नेहमी आढळणारे दोष आहेत.

या दोषांचा विचार करताना एक भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. पडद्यावर दिसते ती सूची होय, संग्रह नव्हे. ग्रंथालयातील सूचिपत्र हरवले, तरी कपाटातील ग्रंथ जागेवरच असतो. उलट ग्रंथ गहाळ झाला, तरी सूचिपत्र काही काळ तसेच राहते. गृहमाध्यम केंद्रातही फाइल व तिची नोंद या दोन स्वतंत्र गोष्टी असून क्रमवीक्षण म्हणजे या दोहोंची एकमेकींशी घातलेली पडताळणी होय. बहुतेक दोषांत फाइल सुरक्षित असते. खरा धोका असतो तो सूचीला आणि तीही पुसून टाकण्याची घाई केल्यास.

ऐतिहासिक आढावा : मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००२ मध्ये विंडोज एक्सपी प्रणालीची ‘मीडिया सेंटर’ ही आवृत्ती काढली. तिच्या परंपरेतील विंडोज मीडिया सेंटर हे सॉफ्टवेअर २०१५ मधील विंडोज १० पासून वगळण्यात आले. २००२ च्याच सुमारास एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी हौशी आज्ञावलीकारांनी एक माध्यमवादक तयार केला. तो पुढे एक्सबीएमसी या नावाने प्रसिद्ध झाला व २०१४ मध्ये त्यास कोडी हे नाव मिळाले. मॅकिंटॉश संगणकासाठी त्यातून निघालेल्या शाखेपासून २००८ मध्ये प्लेक्सचा उदय झाला. एम्बीचा उगम मात्र मीडिया ब्राउझर या वेगळ्या प्रकल्पात आहे. २०१८ च्या अखेरीस एम्बीची मूळ आज्ञावली सर्वांस खुली राहिली नाही, तेव्हा तिच्या आधीच्या खुल्या आवृत्तीवरून जेलीफिन ही प्रणाली सुरू झाली. कोडीमध्ये सूची सामान्यतः वापरात असलेल्या यंत्रातच असते. इतर तिन्हींत ती सर्व्हर म्हणून चालणाऱ्या एका संगणकावर असते व घरातील इतर उपकरणे त्याकडून ती मागवितात. त्यामुळे दोष शोधताना दूरचित्रवाणी संचाकडे नव्हे, तर सूची जेथे असते त्या यंत्राकडे पाहावे लागते.

क्रमवीक्षणाचे टप्पे : ही क्रिया चार टप्प्यांत होते. (१) पोहोच : प्रणाली नेमून दिलेला फोल्डर उघडते व त्यातील फाइलींची यादी वाचते. (२) ओळख : फाइलीचे नाव, तिचा विस्तार आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचे नाव यांवरून हा चित्रपट आहे, मालिकेचा भाग आहे की गाणे आहे, हे ठरविले जाते. (३) जुळणी : ओळखलेले नाव व वर्ष आंतरजालावरील माहितीकोशात शोधून कथासार, कलावंतांची नावे व भित्तिपत्रक मिळविले जाते. चित्रपटांसाठी २००८ मध्ये सुरू झालेला द मूव्ही डेटाबेस हा कोश मोठ्या प्रमाणावर वापरतात. (४) नोंद : मिळालेली माहिती डेटाबेसमध्ये लिहिली जाते. पाहून झाल्याची खूण, अर्धवट पाहिलेल्या चित्रपटातील थांबण्याची जागा व वापरणाऱ्याने हाताने केलेले बदलही तेथेच साठतात.

एक टप्पा चुकला, तर पुढील टप्प्यांवर केलेले उपाय निरुपयोगी ठरतात. फोल्डर उघडण्याची परवानगीच नसताना फाइलींची नावे बदलीत बसणे व्यर्थ होय. म्हणून दोषाचा शोध याच क्रमाने घेणे इष्ट असते.

पोहोचीचे दोष : फाइल अजिबात दिसत नसेल, तर बहुधा दोष येथे असतो. लिनक्स प्रणालीवर प्लेक्स व जेलीफिन यांचे सर्व्हर सामान्यतः स्वतःच्या वेगळ्या वापरकर्ता-नावाने चालतात. घरमालकास जी फाइल सहज उघडता येते, ती या ‘वापरकर्त्या’स उघडता येईलच असे नाही. फाइल वाचण्यासाठी तिच्या स्वतःच्या वाचन-परवानगीबरोबरच तिच्यापर्यंतच्या मार्गातील प्रत्येक फोल्डरमधून पुढे जाण्याची परवानगी असावी लागते. मधल्या एका फोल्डरची वाट बंद असली, तरी त्याच्या आतील सर्व सामग्री अदृश्य राहते. बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क पुष्कळदा संगणकावर काम करणाऱ्या व्यक्तीच्या खाजगी मार्गाखाली जोडली जाते. त्यामुळे त्या व्यक्तीस ती दिसते, पण सर्व्हरला दिसत नाही. डिस्क एका ठरीव मार्गावर कायम जोडली जाईल अशी व्यवस्था करणे व सर्व्हरच्या वापरकर्ता-नावास वाचनाची परवानगी देणे, हा यावरील उपाय होय.

सर्व्हर डॉकरसारख्या बंदिस्त कप्प्यात चालत असेल, तर त्यास संगणकाचे सर्व फोल्डर दिसत नाहीत. जे मुद्दाम जोडून दिले असतील तेवढेच दिसतात आणि तेही कप्प्यातील वेगळ्या मार्गाने. अशा वेळी बाहेरचा मार्ग प्रणालीस सांगून उपयोग होत नाही.

घरातील जाळ्यावर ठेवलेल्या साठवण-साधनाबाबत आणखी काही अडचणी येतात. काही काळ न वापरलेली डिस्क विश्रांत अवस्थेत जाते व जागी होण्यास काही सेकंद घेते. तेवढ्यात प्रणालीने प्रयत्न सोडून दिल्यास फोल्डर रिकामा समजला जातो. फाइली वाटून घेण्यासाठी विंडोजमध्ये वापरल्या जाणाऱ्या एसएमबी संकेताची पहिली आवृत्ती असुरक्षित ठरल्याने २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या मांडणीत ती सामान्यतः बसविली जात नाही. केवळ तीच आवृत्ती जाणणारे जुने साधन त्यामुळे नव्या संगणकास दिसेनासे होते. साधनात नव्या आवृत्तीची सोय असेल, तर ती सुरू करणे हाच योग्य उपाय होय. असुरक्षित आवृत्ती पुन्हा चालू करणे इष्ट नाही.

ओळखीचे दोष : फाइलीपर्यंत प्रणाली पोहोचते, पण ती काय आहे हे तिला उमगत नाही, अशी स्थिती नावामुळे उद्भवते. चित्रपटासाठी प्रत्येकी एक फोल्डर करून फोल्डर व फाइल या दोहोंस चित्रपटाचे नाव व त्यापुढे कंसात प्रदर्शनाचे वर्ष देण्याची पद्धत चारही प्रणालींस मानवते. वर्षाचे महत्त्व उदाहरणाने स्पष्ट होईल. श्यामची आई या नावाचा एक चित्रपट १९५३ चा, तर दुसरा २०२३ चा आहे. देवदास या नावाचे हिंदी चित्रपट १९३६, १९५५ व २००२ या वर्षांचे आहेत. वर्ष न लिहिल्यास यांतील कोणता अभिप्रेत आहे, हे प्रणालीस कळण्यास मार्ग नसतो आणि बहुधा अधिक पाहिल्या गेलेल्या वा अलीकडच्या चित्रपटाची माहिती जुन्या चित्रपटास चिकटते.

मालिकांच्या बाबतीत हंगाम व भाग यांचे क्रमांक नावात असावे लागतात. इंग्रजी ‘एस’ या अक्षरापुढे हंगामाचा व ‘ई’ या अक्षरापुढे भागाचा दोन अंकी क्रमांक लिहिण्याचा प्रघात आहे. हे नमुने मुख्यतः इंग्रजी अंकांसाठी रचलेले असल्याने क्रमांक देवनागरी अंकांत लिहिणे टाळावे. मराठी दैनंदिन मालिकांत हंगाम नसतात, भाग मात्र शेकड्यांनी असतात. नुसता ‘१०५’ असा क्रमांक लिहिल्यास काही प्रणाली त्याचा अर्थ पहिल्या हंगामाचा पाचवा भाग असा लावतात. म्हणून हंगामाचा क्रमांक स्पष्ट लिहावा किंवा प्रक्षेपणाचा पूर्ण दिनांक वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावा.

चित्रपट व मालिका एकाच फोल्डरमध्ये मिसळून ठेवल्यास ओळखीचे नियम एकमेकांत गुंततात. त्यामुळे प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र मूळ फोल्डर करून त्याचा प्रकार प्रणालीस सांगावा लागतो. डीव्हीडीवरून जशीच्या तशी उतरविलेली फोल्डर-रचना कोडी व जेलीफिन ओळखतात, परंतु प्लेक्स ती स्वीकारीत नाही. अशी सामग्री प्रथम एका सलग फाइलीत रूपांतरित करावी लागते.

गाण्यांची ओळख मुख्यतः फाइलीच्या आत लिहिलेल्या माहितीवरून, म्हणजे टॅगवरून, होते. चित्रपटातील गाणी अनेक गायकांनी गायिलेली असतात. ‘अल्बमचा कलावंत’ हा रकाना मोकळा राहिल्यास प्रणाली प्रत्येक गायकाचा स्वतंत्र अल्बम कल्पिते व एकाच चित्रपटाची गाणी चारपाच ठिकाणी विखुरतात. त्या रकान्यात सर्व गाण्यांस संगीतकाराचे नाव किंवा ‘विविध कलावंत’ असा एकच मजकूर लिहिल्यास ती एकत्र येतात.

देवनागरी नावांचा प्रश्न : देवनागरी लिपीतील फाइल-नावे या प्रणालींना वाचता येतात, मात्र एका बाबतीत काळजी घ्यावी लागते. युनिकोड संकेतात काही अक्षरे दोन प्रकारे लिहिता येतात. ‘वाऱ्यावरची वरात’ या नावातील ‘ऱ’ हे अक्षर एका स्वतंत्र चिन्हाने दाखविता येते किंवा ‘र’ व त्याखालील नुक्ता अशा दोन चिन्हांच्या जोडीनेही दाखविता येते. डोळ्यांस दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-पद्धतींत ती दोन भिन्न नावे ठरतात. मॅकिंटॉश संगणकाच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइल-पद्धतीत नावे विघटित रूपात साठविली जात. तेथून आणलेल्या फाइलीच्या नावाचे रूप बदलल्यास जुनी नोंद निराधार होऊन त्याच नावाची दुसरी नोंद तयार होऊ शकते. अशा वेळी एका संगणकावर फाइलीचे नाव पुन्हा टंकून घेतल्यास रूपे सारखी होतात.

जुळणीचे दोष : ओळख बरोबर होऊनही माहिती मिळत नसेल, तर माहितीकोशाकडे पाहावे लागते. मराठी चित्रपटांच्या नावांचे रोमन लेखन एकसारखे नसते. ‘पिंजरा’ (१९७२) या नावात शेवटच्या ‘र’ पूर्वी ‘अ’ हा स्वर लिहावा की नाही, यावर लेखनाची दोन रूपे संभवतात. कोशातील रूप व फाइलीवरील रूप यांत फरक असल्यास जुळणी चुकण्याचा संभव असतो. अशा वेळी कोशात चित्रपट हाताने शोधून तेथील ओळख-क्रमांक फोल्डरच्या नावात ठरावीक खुणांमध्ये लिहिणे, हा सर्वांत निश्चित उपाय होय. प्लेक्स यासाठी महिरपी कंस व जेलीफिन चौकोनी कंस वापरते. कोडीमध्ये हीच माहिती चित्रपटाशेजारी ठेवलेल्या ‘एनएफओ’ या छोट्या मजकूर-फाइलीतून देतात.

एकाच वेळी सर्वच नव्या फाइली माहितीवाचून राहिल्या असतील, तर दोष नावांचा नसून कोशापर्यंतच्या संपर्काचा समजावा. कोशाची सेवा तात्पुरती बंद असणे, आंतरजाल पुरवठादाराच्या नामसेवकाकडून त्याचा पत्ता न मिळणे किंवा थोड्या वेळात फार विनंत्या केल्यामुळे कोशाने काही काळ उत्तर न देणे, ही त्याची कारणे असतात. या स्थितीत फाइलींची नावे न बदलता काही वेळाने माहिती पुन्हा मागविणे पुरेसे ठरते.

नोंदीचे दोष : सर्वांत मोठे नुकसान या टप्प्यावर होते. फाइल काढून टाकल्यावर तिची नोंद उरते; अशा निराधार नोंदी काढण्याची सोय प्रणालींत असते. कोडीमध्ये तीस संग्रह स्वच्छ करणे, तर प्लेक्समध्ये कचरा रिकामा करणे असे म्हणतात व प्लेक्समध्ये ती प्रत्येक क्रमवीक्षणानंतर आपोआप घडावी असेही ठरविता येते. बाहेरची डिस्क सुटलेली असताना तिचा मार्ग दर्शविणारा फोल्डर काही वेळा तसाच, पण रिकामा उरतो. प्रणालीस फोल्डर सापडतो, त्यात फाइली मात्र नसतात. त्यामुळे साधन तुटले आहे असे न समजता सर्व फाइली काढून टाकल्या आहेत, असा निष्कर्ष निघतो आणि वर्षानुवर्षे जमविलेल्या नोंदी एका क्रमवीक्षणात जाऊ शकतात. डिस्क पुन्हा जोडल्यावर फाइली परत दिसतात. हाताने लिहिलेली टिपणे व पाहून झाल्याच्या खुणा परत येतीलच, याची मात्र शाश्वती नसते. म्हणून सुटी डिस्क वापरणाऱ्यांनी आपोआप स्वच्छतेची सोय बंद ठेवणे श्रेयस्कर होय.

या प्रणाली सूचीसाठी बहुधा एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस वापरतात. लेखन चालू असताना वीज गेल्यास किंवा डिस्क भरल्यास त्यात बिघाड होऊ शकतो. ही फाइल जाळ्यावरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवणेही धोक्याचे असते. कारण एका वेळी एकानेच लिहावे यासाठी लागणारे फाइलीचे कुलूप जाळ्यावर भरवशाने काम करीत नाही. कोडीची सूची अनेक खोल्यांतील यंत्रांत सामायिक करावयाची असल्यास त्यासाठी मारियाडीबीसारखा स्वतंत्र डेटाबेस-सर्व्हर वापरतात.

स्वयंचलित निरीक्षणाच्या मर्यादा : फोल्डरमध्ये नवी फाइल येताच ती आपोआप नोंदली जावी, यासाठी संगणकाच्या मूळ प्रणालीकडून बदलाची सूचना घेतली जाते. लिनक्समध्ये हे काम आयनोटिफाय ही यंत्रणा करते. तीत प्रत्येक फोल्डरमागे एक निरीक्षक लागतो व निरीक्षकांच्या संख्येस मर्यादा असते. पूर्वी ती सामान्यतः ८,१९२ होती. २०२१ मधील लिनक्स गाभ्याच्या ५.११ आवृत्तीपासून ती संगणकाच्या स्मृतीनुसार ठरते. मोठ्या संग्रहात ही मर्यादा संपल्यास उरलेल्या फोल्डरांतील बदल कळत नाहीत. तसेच दुसऱ्या यंत्रावरून जाळ्यावरील साधनात टाकलेल्या फाइलीची सूचना या यंत्रणेस मिळत नाही. अशा संग्रहासाठी ठरावीक वेळाने, उदा., रोज पहाटे, पूर्ण क्रमवीक्षण लावून ठेवणे हाच खात्रीचा मार्ग होय.

क्रमवीक्षण अडकणे : क्रमवीक्षण तासन्‌तास एकाच जागी थांबले असेल, तर प्रथम ते खरोखर थांबले आहे की लघुचित्रे तयार करण्यासारखे सावकाश चालणारे काम करीत आहे, हे पाहावे. खरोखर थांबले असल्यास बहुधा एखादी अर्धवट उतरलेली वा बिघडलेली फाइल त्यास कारण असते. प्रणाली आपल्या कामाची रोजनिशी, म्हणजे लॉग, ठेवीत असते. तिच्या शेवटच्या ओळींत त्या वेळी हाताळल्या जात असलेल्या फाइलीचे नाव बहुधा सापडते. ती फाइल संग्रहाबाहेर ठेवून क्रमवीक्षण पुन्हा सुरू केल्यास दोषाची खात्री पटते. रोजनिशीतून काही न कळल्यास नव्या फोल्डरमध्ये बरोबर नाव दिलेली एकच फाइल ठेवून तेवढ्याचेच क्रमवीक्षण करावे. ते यशस्वी झाले, तर प्रणाली ठीक असून दोष मूळ फोल्डरांत आहे, असे समजावे.

दक्षता : सूची पुसून संग्रह पुन्हा पहिल्यापासून बनविणे, हा उपाय सर्रास सुचविला जातो. परवानगीचा वा नावाचा दोष तसाच असल्यास नव्या सूचीतही तो पुन्हा उतरतो. जुन्या सूचीतील हाताने केलेले काम मात्र नष्ट होते. त्यामुळे हा उपाय सर्वांत शेवटचा समजावा व तत्पूर्वी प्रणाली बंद करून तिच्या डेटाबेसची प्रत अन्य साधनावर घ्यावी.

प्रसिद्ध चित्रपटाची माहिती कोशातून पुन्हा मिळू शकते. ध्वनिचित्रफितींवरून उतरविलेले घरातील लग्न, गावच्या जत्रेचे चित्रण, आजीने म्हटलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण अशी सामग्री मात्र कोणत्याही कोशात नसते. चित्रणातील माणसे कोण, ठिकाण कोणते, वर्ष कोणते, ही माहिती कुटुंबातील कोणीतरी आठवून लिहिलेली असते व पुष्कळदा ती केवळ सूचीच्या डेटाबेसमध्येच असते. अशा फाइली माहितीकोशात न शोधणाऱ्या ‘घरगुती चित्रण’ या प्रकाराखाली ठेवाव्यात. त्यांच्या नावातच दिनांक, प्रसंग व स्थळ लिहावे आणि सविस्तर टिपण फाइलीशेजारी साध्या मजकूर-फाइलीत ठेवावे. असे केल्यास सूची बिघडली वा सॉफ्टवेअर बदलले, तरी क्रमवीक्षणाने नवी सूची उभी करता येते आणि सूचीबाहेरही ती फाइल कशाची आहे, हे पुढील पिढीस वाचता येते.